काटा ९०वर, पाणी १०४वर

[दृश्य: इंदूर, सांवेर रोड. सकाळ. गॅरेजचं शटर वर जातं. लिफ्टवर पांढरी सेडान.]

मे महिना. आत्ता सावलीत हवा सोसवते आहे. दुपारी पारा ४२च्या पुढे जाईल आणि एबी रोडच्या (आग्रा-मुंबई रस्त्याच्या) डांबराला लागून वाहणारी हवा त्याहूनही तापलेली असेल. या गाडीला श्वास त्याच हवेत घ्यायचा आहे आणि गारही त्याच हवेने राहायचं आहे.

इंजिन १.८ लिटरचं टर्बो पेट्रोल. स्कोडा, फोक्सवॅगन आणि ऑडी या तिन्ही घरांत वापरलं गेलेलं, ईए८८८ नावाच्या इंजिनकुळातल्या तिसऱ्या पिढीचं. कारखान्यातून निघताना ताकद १८० पीएस. आता त्यावर ईसीयूचं (इंजिन चालवणाऱ्या संगणकाचं) रिमॅपिंग, म्हणजे ताकदीसाठी बदललेला प्रोग्राम आहे, टर्बोची हवा गार करणारा मोठा इंटरकूलर आहे, टर्बोतून धूर बाहेर नेणारा मोकळा डाउनपाइप आहे. पेट्रोल जळून जी ऊर्जा निघते, तिचा ढोबळमानाने तिसरा हिस्सा चाकांकडे जातो, तिसरा सायलेन्सरमधून बाहेर पडतो आणि तिसरा इंजिनात फिरणाऱ्या पाण्याला (म्हणजे कुलंटच्या मिश्रणाला) व तेलाला सोसावा लागतो. ताकद वाढवली की हा तिसरा हिस्साही वाढतो. त्यातून या इंजिनात एग्झॉस्टचा मॅनिफोल्ड (धूर गोळा करणाऱ्या नळ्या) सिलिंडर हेडमध्येच ओतलेला आहे आणि त्याच्याभोवती पाणी फिरतं. जोर लावला की धुराची उष्णताही थोडी पाण्याच्याच पदरात पडते.

अशी गाडी गरम व्हायला लागली की पहिला विचार येतो मोठ्या रेडिएटरचा. इथे मिस्त्री आधी एकच गोष्ट विचारतात: गाडी गरम कुठे होते?

राजवाड्याच्या गर्दीत, उभ्या उभ्या? मग रेडिएटरवरून हवा जात नाही. पंखा, त्याची वायर किंवा पंख्याभोवतीचं कव्हर, यांतच काहीतरी आहे. मोकळ्या रस्त्यावर, वेग वाढवला की? तिथे पंख्याचा काही संबंध नाही. रेडिएटरची कोर, म्हणजे नळ्यांची आणि त्यांमधल्या पातळ पत्र्यांची (फिनची) जाळी, आतून भरली असेल, बाहेरून चोंदली असेल, नाहीतर हवा कोरला वळसा घालून निसटत असेल. सिमरोलपलीकडचा भेरूघाट चढताना? वेग कमी, टर्बोचा दाब जास्त, म्हणजे पंखा आणि कोर दोन्हींची परीक्षा एकदम. पाणी ठीक आहे आणि तेलच तापतंय, तर ते दुखणं वेगळं आणि त्याचं औषधही वेगळं.

[दृश्य: डॅशबोर्ड. काटा ९०वर स्थिर. शेजारी फोनवर ओबीडीचे आकडे बदलत आहेत.]

हे शोधायला डॅशबोर्डवरचा काटा कामाचा नाही. चालकाला उगाच धास्ती वाटू नये म्हणून तो मुद्दाम शांत ठेवलेला असतो. पाणी साधारण ७५ अंशांपासून १०० पार करेपर्यंत काटा ९०वरून हलत नाही. तो हलतो तेव्हा बराच उशीर झालेला असतो. म्हणून ओबीडीचा रीडर (गाडीच्या संगणकातले आकडे फोनवर दाखवणारं यंत्र) लावायचा आणि चार गोष्टी लिहून ठेवायच्या: पाण्याचं तापमान, तेलाचं तापमान, इंजिनात जाणाऱ्या हवेचं तापमान आणि बाहेरच्या हवेचं. या इंजिनाचा ईसीयू भारानुसार पाणी ८५ ते १०७ अंशांच्या दरम्यान स्वतःहून कमीजास्त ठेवतो. त्यामुळे संथ चालताना १०० दिसलं म्हणून घाबरायचं कारण नाही. पूर्ण जोर लावलेला असताना, ईसीयू पाणी थंड करायला धडपडत असूनही, आकडा चढत राहिला तर तो बिघाड समजायचा.

आता हात घालायचा. सुरुवात सगळ्यात स्वस्त भागापासून, कुलंटच्या टाकीच्या झाकणापासून.

इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटर उंच. इथे उघड्या भांड्यातलं पाणी ९८ अंशांनाच उकळतं. इंजिनातलं पाणी ११०लाही उकळत नाही, कारण झाकण आत दाब धरून ठेवतं. या गाड्यांच्या झाकणाची झडप १.४ ते १.६ बारला उघडते. १.४ बार दाब टिकला, तर साधं पाणीसुद्धा १२५ अंशांपर्यंत तग धरतं. झाकणाचा रबर चिरला, दाब निसटला, की शंभरीतच बुडबुडे. वाफेचा बुडबुडा धातूची उष्णता पाण्यासारखी वाहून नेत नाही, त्यामुळे हेडमध्ये एग्झॉस्टच्या वाल्वजवळ भाजल्यासारखे डाग पडतात. मोठा रेडिएटर बसवून हे थांबत नाही. नवं झाकण बसवल्यावर थांबतं.

नंतर दाबचाचणी. इंजिन गार असताना टाकीवर हातपंप लावायचा, १.४ बारपर्यंत दाब भरायचा आणि २० मिनिटं सोडून द्यायचं. काटा उतरला की टॉर्च घेऊन गुलाबी किंवा पांढरे सुकलेले डाग शोधायचे. या इंजिनात बहुतेकदा ते इनटेक मॅनिफोल्डच्या खाली सापडतात. पाण्याचा पंप आणि तापमान सांभाळणारा फिरता वाल्व तिथे एकाच प्लॅस्टिकच्या घरात आहेत आणि ते घर वयानुसार वाकतं, गळतं. बदलायचं तर पूर्ण भाग, पंपाच्या दातेरी पट्ट्यासकट. बोल्ट टॉर्क रेंचनेच कसायचे, नाहीतर नवं घरही पहिल्याच दिवशी वाकेल.

आणखी एक तपासणी कधी टाळू नये. टाकीच्या तोंडावर निळ्या द्रवाची नळी धरायची आणि इंजिन चालू ठेवायचं. निळा रंग पिवळा पडला, तर जळलेला वायू पाण्यात शिरतोय, म्हणजे हेडगॅस्केट (हेड आणि ब्लॉकमधलं सील) गेलं आहे. मग बाकी सगळा खर्च थांबवायचा.

[दृश्य: बंपर उतरतो. रेडिएटरचा पुढचा भाग उघडा. फिनमध्ये अडकलेला भुसा, चिलटं, माती.]

बंपर निघाला की माळव्याचं वर्षभराचं हवामान समोर येतं. काळ्या मातीची बारीक धूळ आणि मार्च-एप्रिलमध्ये उज्जैन, देवासच्या रस्त्यांवर उडणारा गव्हाचा भुसा. या गाडीत पुढे एसीचा कंडेन्सर, त्यामागे इंटरकूलर, त्यामागे रेडिएटर अशी एकावर एक चळत आहे. भुसा कंडेन्सर आणि इंटरकूलरच्या मधल्या फटीत जाऊन बसतो. बाहेरून जाळी स्वच्छ दिसते, आत मात्र गादी तयार झालेली असते. धुवायचं ते मागून पुढे, साध्या पाइपच्या धारेने. कार वॉशचा प्रेशर गन लावला तर फिन आडव्या होतात आणि मग हवेला वाटच उरत नाही. एसीचा गॅस काढायची गरज नाही. कंडेन्सर पाइपांसकट केबल टायने बाजूला टांगता येतो.

मोठ्या इंटरकूलरची एक किंमत असते. टर्बोतून शंभरीच्या बऱ्याच वर तापून आलेली हवा तो गार करतो, पण ती उष्णता मागच्या रेडिएटरवर जाणाऱ्या हवेतच सोडतो. इंटरकूलर जितका जाड, तितकी मागे हवा कमी आणि गरम. म्हणून या गाडीत पहिलं मोठं काम हवेचं.

हवा नेहमी सोपी वाट धरते. रेडिएटरच्या बाजूने बोटभर फट असली, तर ती दाट फिनमधून कशाला जाईल? बंपरच्या आतले मूळ प्लॅस्टिकचे मार्गदर्शक पडदे आधी मोजायचे. दुरुस्तीत ते बरेचदा हरवलेले असतात. मग १० ते १२ मिलिमीटर जाडीचा, पाणी न शोषणारा बंद पेशींचा फोम घेऊन कंडेन्सर, इंटरकूलर आणि रेडिएटर यांच्या चारही कडांच्या फटी बुजवायच्या. बंपरपासून कोरपर्यंत १ मिलिमीटरच्या अॅल्युमिनियम पत्र्याचा बोगदा करायचा, सुरुवातीला अरुंद आणि मागे पसरत जाणारा. बोगदा नीट बंद असेल, तर बंपरचं तोंड कोरच्या क्षेत्रफळाच्या एक चतुर्थांश ते एक तृतीयांश असलं तरी पुरतं. त्या तोंडासमोर लावलेले जादा हॉर्न, एलईडीची पट्टी, बारीक नक्षीची जाळी हे सगळं काढायचं.

आणि इंजिनाखालचं प्लॅस्टिकचं पान परत बसवायचं. ऑइल बदलताना त्रास होतो म्हणून ते काढून कोपऱ्यात टाकलेलं असतं. गाडी वेगात असताना त्या पानामुळे इंजिनाखाली दाब कमी राहतो आणि रेडिएटरमधून आलेली हवा मागे ओढली जाते. पान नसेल तर खालून हवा आत घुसते आणि समोरून येणाऱ्या हवेला अडवते. एवढ्यावर कितीतरी गाड्या ताळ्यावर येतात. म्हणून इथे थांबून पुन्हा चाचणी घ्यायची, मगच रेडिएटर मागवायचा.

लागलाच, तर पूर्ण अॅल्युमिनियमचा, दोन्ही कडांच्या टाक्या आर्गन वेल्डिंगने जोडलेला, ४० मिलिमीटरच्या आसपास कोर असलेला घ्यावा. त्याहून जाड कोर रस्त्यावरच्या गाडीत शोभेची ठरते. मागच्या नळ्यांपर्यंत पोचेतो हवा तापलेली असते आणि उभ्या गाडीत पंख्याला ती ओढवत नाही. फार दाट फिनही घेऊ नये, आपल्याकडचा भुसा लक्षात ठेवावा. मूळ पंखे आणि त्यांचं कव्हर नव्या रेडिएटरवर जसंच्या तसं बसतं का, हे पैसे देण्याआधी मोजून पाहायचं. त्या पंख्यांचा वेग ईसीयू गरजेनुसार बदलतो. बाजारातला जोडपंखा थेट वायरने लावला, तर ३० अँपिअरचा फ्यूज, स्वतंत्र रिले, ४ चौरस मिलिमीटरची वायर लागते, आणि तरी मूळच्या इतकं नेमकं काम होत नाही.

सिलिकॉनचे पाइप लावणार असाल, तर खाचांची साधी क्लिप नको. ती सिलिकॉन कापते. आतून गुळगुळीत पट्टी असलेली क्लिप घ्यावी.

थर्मोस्टॅट (पाणी तापल्यावरच रेडिएटरची वाट उघडणारा वाल्व) काढून टाकायचा सल्ला आपल्या भागात अजून दिला जातो. या इंजिनात त्याच्या जागी मोटरने फिरणारा वाल्व आहे, तो काढता येत नाही. पण ज्या गाड्यांत काढता येतो, तिथेही काढू नये. बऱ्याच इंजिनांत तो उघडताना बायपासची, म्हणजे रेडिएटर टाळून जाणारी वाट बंद करतो. तोच काढला, तर गरम पाण्याचा काही भाग रेडिएटरला न भेटताच इंजिनात परततो.

[दृश्य: डिस्टिल्ड पाण्याचे कॅन. मोजपात्र. गुलाबी कॉन्सन्ट्रेट.]

आता पाणी. बोअरचं पाणी बेसॉल्टच्या खडकातून येतं, कॅल्शियम आणि मॅग्नेशियम घेऊन. इंदुरात १९७८पासून जलूदहून पंपांनी चढवून आणलेलं नर्मदेचं पाणी पिण्याचं आहे, इंजिनाचं नाही. या क्षारांचा थर अॅल्युमिनियमच्या मानाने शंभरपट वाईट उष्णतावाहक असतो. फक्त डिस्टिल्ड पाणी वापरायचं. इंदुरात पाणी गोठत नाही म्हणून कुलंट नको, हेही चूक. गंज रोखणारी द्रव्यं कुलंटमध्येच असतात, आणि प्रमाण ४० टक्क्यांच्या खाली गेलं की ती पुरत नाहीत. ५०च्या वर जाऊन इथे काही मिळत नाही. ग्लायकॉल पाण्यापेक्षा कमी उष्णता वाहतं.

प्रमाण चुकतं ते इथे. सिस्टिम ८ लिटरची धरू. धुऊन काढल्यावर सुमारे २ लिटर डिस्टिल्ड पाणी ब्लॉकमध्येच राहतं. वरून ४० टक्क्यांचं तयार मिश्रण ६ लिटर ओतलं, तर एकूण प्रमाण ३० टक्केच होतं. म्हणून आधी ३.२ लिटर कॉन्सन्ट्रेट, मग २.८ लिटर पाणी. शेवटी रिफ्रॅक्टोमीटरवर (मिश्रणाचं प्रमाण दाखवणाऱ्या छोट्या उपकरणावर) थेंब टाकून पाहायचा. गोठणबिंदू उणे २५च्या आसपास दिसला, तर ४० टक्के बरोबर. रंग जुळला म्हणून दोन जातींचे कुलंट एकत्र करायचे नाहीत. रंग हे मानक नव्हे, आणि चुकीच्या जोडीचा चिकट गाळ होतो. काही गाड्यांच्या टाकीत सिलिका जेलची पिशवी असते. ती फाटली तर दाणे हीटरच्या कोरमध्ये जाऊन बसतात. जुनी टाकी असेल तर ती बदललेलीच बरी.

भरताना व्हॅक्यूमच्या यंत्राने आधी हवा ओढून घ्यायची. काटा दोन-तीन मिनिटं स्थिर राहिला की कुलंट आत सोडायचं. हवेचा एक फुगा जरी सेन्सरपाशी अडकला, तरी पुढचे सगळे आकडे खोटे.

तेल राहिलं. इथे तेल पाण्यानेच गार होतं, म्हणजे तेलाची उष्णताही शेवटी रेडिएटरवर येते. शहरात आणि घाटात वेगळा ऑइल कूलर लागत नाही. पीथमपूरजवळच्या नॅट्रॅक्स या वाहनचाचणी केंद्राचा ११.३ किलोमीटरचा वेगवान ट्रॅक, किंवा तसा सलग जोर जिथे लागतो तिथे तेल १३०कडे सरकत असेल, तर लावावा. थर्मोस्टॅट असलेल्या प्लेटसह, आणि रेडिएटरच्या समोर न टांगता बाजूच्या वेंटमागे.

[दृश्य: दुपारी तीन. भेरूघाट. फोनवर आकडे.]

पुन्हा तीच वाट, तोच घाट, एसी चालू. पाहायचा आकडा म्हणजे पाणी उणे हवा. जानेवारीत २६ अंशांच्या हवेत, वाल्व पूर्ण उघडा असताना पाणी ९८वर थांबलं, तर फरक ७२. तोच फरक मेच्या ४३ अंशांत मिळवला की ११५. हिवाळ्यात पास झालेली गाडी म्हणून उन्हाळ्यात उकळते.

घाट चढून झाल्यावर इंजिन लगेच बंद करायचं नाही. दोन मिनिटं संथ चालू द्यायचं. उद्या सकाळी इंजिन पूर्ण गार असताना टाकीची खूण पाहायची, क्लिपा अर्धा फेरा कसायच्या, आणि ५०० किलोमीटरनंतर पुन्हा एकदा.