रेडिओवरचं शास्त्रीय संगीताचं निवेदन : भाऊंच्या कामाविषयी

(वाचनालयात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, भाऊ गेल्यावर त्यांच्या आवाजाबद्दल, स्वभावाबद्दल पुष्कळ बोललं गेलं, आणि ते योग्यच होतं. आज मला त्यांच्या कामाबद्दल बोलायचं आहे. आकाशवाणीच्या जुन्या निवेदकांच्या शिस्तीत वाढलेला हा माणूस, त्यामुळे माइकवर त्यांनी स्वतःचं नाव कधी सांगितलं नाही. आवाजावरून ओळखून गावोगावचे श्रोते त्यांना ‘भाऊ’ म्हणत, तेवढंच नाव मीही घेतो.

शास्त्रीय संगीताचा निवेदक करतो काय? रागाचं नाव सांगतो, गायकाचं सांगतो आणि बाजूला होतो, असं पुष्कळांना वाटतं. त्या बाजूला होण्यामागे किती तयारी असते ती बघू.

अर्ध्या तासाचा कार्यक्रम घ्या. सुरुवातीचं निवेदन चाळीस सेकंद, शेवटचं वीस. उरली एकोणतीस मिनिटं. त्यानंतर बातम्या. बातम्या दुसऱ्या केंद्रावरून जोडून घ्यायच्या असतात, त्यांना पाच सेकंदही थांबवता येत नाही. आता हाताशी असलेलं ध्वनिमुद्रण चौतीस मिनिटांचं आहे. मधेच आवाज उतरवला तर तान अर्धी तुटते, आणि घरी ऐकणाऱ्याला ताल कळत नसला तरी काहीतरी मोडल्याचं बरोबर कळतं. म्हणून आवाज उतरवायचा तो मुखडा, म्हणजे बंदिशीची सुरुवातीची ओळ, समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, आल्यानंतर. इथे खरी अडचण आहे. विलंबित, म्हणजे संथ, एकतालाच्या मात्रा बारा. एक मात्रा चार सेकंदांची धरली तर आवर्तन, म्हणजे तालाचा एक फेरा, अठ्ठेचाळीस सेकंदांचं होतं. ही सम हुकली की पुढची अठ्ठेचाळीस सेकंदांनी, आणि तोवर बातम्या सुरू. द्रुत, म्हणजे जलद, तीनतालात हा प्रश्न येत नाही, तिथे आवर्तन चार-पाच सेकंदांत फिरतं. त्यामुळे निवेदकाला आदल्या दिवशीच पूर्ण मुद्रण ऐकून कुठल्या मिनिटाला कुठली सम येते ते कागदावर टिपून ठेवावं लागतं. भाऊ शक्यतो विलंबितात उतरवत नसत. सुरुवातीचा थोडा आलाप सोडून पुढून सुरू करायचं, पण शेवट द्रुत बंदिशीच्या समेवर पूर्ण होऊ द्यायचा, ही त्यांची पद्धत. उतरवतानाही बोट एकदम खाली येत नसे, पाच-सहा सेकंद घेत आणि तानपुरा सगळ्यांत शेवटी जाऊ देत.

टेपच्या काळात यात आणखी कामं होती. स्टुडिओतली टेप सेकंदाला साडेसात इंच धावायची. बाराशे फुटांच्या रिळात बत्तीस मिनिटं मावत, चोवीसशेच्या मोठ्या रिळात चौसष्ट. टेप गुंडाळून वर्षानुवर्षं ठेवली की एका थराचा आवाज शेजारच्या थरावर पुसट उमटतो. मग गाणं सुरू व्हायच्या आधीच त्याची सावली ऐकू येते. बँडच्या संगीतात ती लपून जाते. आलापात लपत नाही, कारण आलापात शांतता असते. त्यावर उपाय असा की टेप ऐकून झाली की उलटी न गुंडाळता शेवट बाहेर ठेवून तशीच ठेवायची. त्यामुळे सावली मुख्यतः आवाजाच्या मागे पडते आणि सुराच्या गुंजण्यात मिसळून जाते. दुसऱ्या दिवशी वाजवण्याआधी टेप उलटी गुंडाळण्याची मेहनत वाढते, पण आलाप स्वच्छ राहतो.

जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांचं वेगळं होतं. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटं, म्हणजे निवेदन लांबवलं तर गाण्यापेक्षा बोलणंच मोठं व्हायचं. तबकडीचा वेग सहा टक्के वाढला की सूर अर्ध्या स्वराने चढतो. काळी एकमध्ये गाणारा गायक पांढरी दोनमध्ये ऐकू येतो आणि आवाज किंचित बारीक होतो. निवेदकाजवळ साधी पेटी असली तर हे एका मिनिटात पकडता येतं. वेष्टनावरच्या माहितीवरही डोळे मिटून विसंबायचं नाही. आकाशवाणीवर १९४० ते १९७१ हार्मोनियमला बंदी होती. त्या काळातल्या आकाशवाणीच्या मुद्रणाच्या कागदावर ‘हार्मोनियमची साथ’ असं कुणी नंतर लिहून ठेवलेलं सापडलं, तर आधी कानांनी खात्री करायची. बहुतेक वेळा सारंगी निघते. साथीदाराचं नाव चुकलं तर त्याच्या घरच्यांपर्यंत ती चूक पोचते. भाऊ साथीदारांची नावं गायकाच्या नावाइतक्याच शांतपणे, न घाईने घेत. माझ्या मते निवेदकाची पारख इथेच होते.

आता आपल्याकडच्या ऐकण्याबद्दल. नागपूर केंद्र १९४८ सालचं. त्याची मध्यम लहर ५८५ किलोहर्ट्झ. मध्यम लहरीवर दोन केंद्रांमध्ये अंतर फक्त नऊ किलोहर्ट्झचं असतं, म्हणून त्यातून जेमतेम साडेचार-पाच किलोहर्ट्झपर्यंतचाच आवाज आपल्यापर्यंत येतो. तानपुऱ्याच्या जवारीतली, म्हणजे तारांच्या झणत्कारातली, वरची झळाळी यात कापली जाते. बोलण्यातले स, फ, थ यांची धारही जाते. निवेदकाला हे माहीत असावं लागतं. रागाचं नाव वाक्याच्या पोटात घातलं तर ते ट्रान्झिस्टरवर गळतं. म्हणून भाऊ ते दोनदा घेत, एकदा सुरुवातीला आणि एकदा अगदी सूर लागण्याआधी, त्याच्या मागेपुढे छोटा विराम देऊन. माइकपासून वीतभर अंतर आणि तोंड किंचित तिरपं, म्हणजे प, फ, भ यांचा फटका बसत नाही. कागद टाचणीने जोडायचे नाहीत, सुटे ठेवायचे आणि सरकवायचे, उलटायचे नाहीत.

आवाजाच्या पातळीची गोष्ट तर आपल्या शेतातल्या श्रोत्याशी थेट जोडलेली आहे. आलाप हळू असतो म्हणून माणूस रेडिओ मोठा करतो. गाणं संपलं आणि निवेदक ठणठणीत आवाजात बोलला की रात्रीच्या शांततेत दचकायला होतं, झोपलेलं लेकरू उठतं. म्हणून शास्त्रीय संगीताचं निवेदन बातम्यांच्या पट्टीत करायचं नसतं. ते गाण्याच्या पातळीच्या आसपास ठेवायचं आणि शेवटच्या शब्दाखाली तानपुरा हळूच येऊ द्यायचा.

हिवाळ्यात गहू-हरभऱ्याच्या ओलिताला आपल्याकडे वीज बरेचदा रात्रीच मिळते. आकाशवाणीचा अखिल भारतीय संगीत कार्यक्रम १९५२ पासून, शनिवारी रात्री. दांडावर बसून ख्याल ऐकणारे श्रोते विदर्भात तयार झाले त्याला हा योगायोगही कारण आहे. त्या श्रोत्याला ऐकू नीट यावं यासाठी एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण अजूनही बरेच जण फक्त सेटची बाहेर ओढायची दांडी लांब करतात. त्या दांडीचा मध्यम लहरीला उपयोग नसतो. आत आडवी बसवलेली फेराइटची कांडी हा तिचा खरा अँटेना. कांडी सेटच्या लांबीला समांतर असते. सेटची रुंद बाजू नागपूरकडे केली की आवाज भरून येतो, टोक नागपूरकडे केलं की जवळजवळ नाहीसा होतो. डीपीची किंवा एलईडी दिव्याची घरघर येत असेल तर सेटचं टोक त्या घरघरीच्या दिशेला करून बघा, गाण्यातला थोडा जोर गेला तरी घरघर जास्त कमी होते. अंधार पडल्यावर वातावरणाच्या वरच्या थरावरून परतलेली लहर जमिनीवरच्या लहरीत मिसळते, म्हणून नागपूरपासून दूरच्या गावांत रात्री आवाज चढतो-उतरतो. त्यात दोष सेटचा नसतो.

भाऊंची सर्वांत मोठी शिस्त मात्र वेगळीच होती. ऐकणाऱ्याला एका वेळी एकच गोष्ट सांगायची. थाट, वादी-संवादी, आरोह-अवरोह, घराणं, बंदिशीचा अर्थ हे सगळं चाळीस सेकंदांत कोंबलं तर कानात काहीच राहत नाही. मारव्याचं उदाहरण घेऊ. मारवा, पूरिया आणि सोहनी या तिन्ही रागांत स्वर तेच, कोमल रिषभ, तीव्र मध्यम, पंचम वर्ज्य. पुस्तकात वाचणारा गोंधळतो. पण मारव्यात भर रिषभ आणि धैवतावर असतो आणि षड्जाला, म्हणजे मूळ ‘सा’ला, गायक मुद्दाम लांब ठेवतो. पूरियात वजन गंधार-निषादावर जातं आणि गाणं मंद्रात, म्हणजे खालच्या सप्तकात, रमतं. सोहनी वरच्या सप्तकात चमकते. आता निवेदकाने यातलं काय सांगावं? मारव्याआधी फक्त एवढंच की ‘षड्ज कधी येतो याची वाट बघा’. शेतकरी, शाळेतली पोरं, घरात काम करणारी बाई, कुणालाही हे करता येतं. स्वरांची नावं न येणाराही ‘घरी परतल्यासारखा’ तो स्वर ओळखतो, कारण तानपुरा तो सारखा देत असतो. आणि कान तयार असलेल्याने तानपुऱ्याची पहिली तार ऐकावी. एरवी ती पंचमाला असते, इथे पंचमच नाही, म्हणून बरेचदा निषादाला किंवा धैवताला मिळवलेली असते. पण ही दुसरी गोष्ट झाली, ती पुढच्या खेपेला सांगायची.

मारवा निघाला की वसंतराव देशपांड्यांचं नाव निघणारच. १९२० साली मूर्तिजापूरला जन्मलेला हा गायक. भाऊ मूर्तिजापूरचं नाव आवर्जून घेत, आणि मला ते फार महत्त्वाचं वाटतं. ख्याल म्हणजे पुण्या-मुंबईकडचं काहीतरी, ही समजूत आपल्याकडे घट्ट आहे. खंजिरीवर तुकडोजी महाराजांची भजनं ऐकत वाढलेल्या माणसाला लय परकी नसते. त्याला फक्त दार दाखवावं लागतं, आणि हेच निवेदकाचं काम.

रागसमयाबाबत, म्हणजे कुठला राग दिवसाच्या कुठल्या वेळी त्याबाबत, एक अडचण कायमची होती. आकाशवाणीच्या पहिल्या सभेची (सकाळच्या प्रसारणाची) सुरुवात सहाच्या आसपास, म्हणजे ललितसारख्या पहाटेच्या रागाचा वेळ तोवर सरत आलेला. दुपारच्या सभेत सारंगाला जागा मिळे, मुलतानीसाठी दिवस मावळतीकडे झुकावा लागतो आणि तेव्हा शेतीचे कार्यक्रम असत. १९८८ पासून नागपूरहून एक मेगावॉटच्या प्रक्षेपकावरून रात्रभर चालणारं राष्ट्रीय प्रसारण सुरू झालं तेव्हा पहाटेला जागा मिळाली. ते आता बंद आहे. २०१६ पासून चोवीस तासांची ‘रागम’ वाहिनी आहे, ती मोबाइलवर ऐकता येते आणि वेळेचा प्रश्न सुटतो.

आता जे सांगण्यासाठी आज मुख्यतः उभा आहे ते. केंद्रांनी संगीत जपलं. मोठ्या कलाकारांच्या टेप संग्रहात आहेत. पण निवेदन थेट जात असे, ते गाण्याच्या टेपवर नसे आणि सहसा वेगळं जपलंही जात नसे. भाऊंचा आवाज आज सापडला तर तो तुमच्या घरातल्या कॅसेटींवर सापडेल, ज्यांनी रेडिओसमोर टेपरेकॉर्डर ठेवून किंवा टू-इन-वनवर कार्यक्रम भरून घेतले त्यांच्याकडे. या कॅसेटी टिनाच्या छताखाली माळ्यावर पडल्या असतील तर पंचेचाळीस अंशांचे उन्हाळे आणि तेवढेच पावसाळे त्यांनी काढलेत. घाईने वाजवू नका.

आधी खिडकीतून रीळ बघा. टेपच्या कडेवर पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशी आहे. अशी कॅसेट वेगळ्या पिशवीत ठेवा आणि मशीनमध्ये घालू नका, बुरशी हेडला (मशीनमधल्या टेप वाचणाऱ्या भागाला) लागून पुढच्या प्रत्येक कॅसेटवर जाते. मागच्या कडेवरची प्लास्टिकची टिकली शाबूत असेल तर ती मोडा, म्हणजे चुकून वरून मुद्रण होणार नाही. समोरच्या तोंडाशी, टेपच्या मागे, पत्र्याच्या पट्टीवर फेल्टचा छोटा तुकडा असतो. तो गळून पडला असेल तर आवाज दबका आणि तुटक येतो, मग दुसऱ्या चांगल्या कॅसेटच्या डबीत रीळ हलवावं लागतं. त्यासाठी स्क्रूने जोडलेली डबी घ्या, चिकटवलेली फोडावी लागते. वाजवण्याआधी कॅसेट एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवा, म्हणजे चिकटलेले थर सुटतात आणि ताण सारखा होतो. हेड आणि रबरी चाक दोन्ही कापसाने पुसा. हेडला आयसोप्रोपिल अल्कोहोल, रबराला अगदी कमी. तेल कशालाच नाही.

वाजवताना आवाज बोदा वाटला तर लगेच स्वरनियंत्रणाची बटणं फिरवू नका. ज्या मशीनवर मुद्रण झालं त्याचं हेड किंचित तिरपं असेल तर दुसऱ्या मशीनवर स आणि श बुजतात. हेडशेजारचा छोटा स्क्रू पाव फेरीहून कमी, हळूहळू फिरवून स, श सर्वांत स्पष्ट येतील तिथे थांबायचं. हे माहितगाराकडूनच करून घ्या. संगणकावर घेताना डब्ल्यूएव्ही स्वरूपात घ्या, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. खरखर काढून टाकणारी साधनं मूळ प्रतीवर वापरू नका. ती खरखरीबरोबर तानपुराही खातात.

आणि एक कळकळीची विनंती. गाणं सुरू झालं की निवेदन कापून फाइल छोटी करण्याची सवय लागली आहे, ती इथे मोडा. निवेदनाआधीचे दोन-चार सेकंद आणि नंतरच्या बातम्यांची सुरुवातही राहू द्या. बातम्यांवरून तारीख लावता येते. फाइलच्या नावात आधी वर्ष, महिना, दिवस, मग राग, मग गायक. तारीख माहीत नसेल तर अंदाज लिहू नका, कॅसेटच्या कागदावर जे लिहिलं असेल ते जसंच्या तसं उतरवा आणि कागदाचा फोटो सोबत ठेवा. कॅसेट ज्या घरातली, त्या घराचं नाव वाचनालयाच्या वहीत लिहिलं जाईल आणि मूळ कॅसेट त्याच घरी परत जाईल. नोंदणी आजच, बाहेरच्या टेबलावर आहे. बुरशी लागलेल्या कॅसेटीही आणा, फक्त वेगळ्या पिशवीत.