धुणं कमी, सुकवणं जास्त

(बडोद्यातल्या एका मराठी महिला मंडळात जूनच्या सुरुवातीला दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. अध्यक्षबाईंनी मला 'पावसाळ्यातली घराची स्वच्छता' असा विषय दिला होता. तो मी त्यांना विचारून जरा वळवून घेतलाय. आपल्या बायका स्वच्छतेत कुठे कमी पडतात? पाऊस सुरू झाला की दोनदा लादी पुसतात, फिनेल टाकतात, बाथरूम घासतात. कमी पडतं ते सुकवणं. डब्यातले सोंडे, कपाटातली बुरशी, भिंतीला ओलीने फुटणारा खारट लोणा, फ्रिजच्या दाराला बसणारा बारीक शॉक, ही सगळी मुळात ओल टिकून राहिल्याची कामं. आणि आपण त्यावर उपाय काय करतो? आणखी पाणी ओतून धुतो.

खरं तर हे बडोद्यात सांगायची वेळ येऊ नये. १९५० साली सयाजीराव विद्यापीठात गृहविज्ञानाची विद्याशाखा सुरू झाली, कुलगुरू हंसाबेन मेहता होत्या. घर चालवणं हा मोजून-मापून, प्रयोगशाळेत शिकायचा विषय आहे हे या गावाने तेव्हाच मान्य केलं. मी तिथेच शिकले. त्यामुळे आजही कोणी 'अंदाजाने घाल' म्हणालं की मी वाटी मागते.

गव्हापासून सुरुवात करते, कारण तुमच्यापैकी निम्म्या जणींच्या घरी वर्षाचा गहू नुकताच भरून झाला असेल. कोणाकडे भालिया, कोणाकडे मध्य प्रदेशातला शरबती. जुलैत डबा उघडल्यावर सोंडे दिसले की आपण पावसाला बोल लावतो. पण सोंड्याची मादी दाण्याला भोक पाडून आत अंडं घालते आणि वरून भोक बुजवते. अळी आतल्या आत दाणा खाते आणि महिना-सव्वा महिन्याने किडा बाहेर पडतो. म्हणजे जुलैत दिसणारा किडा बहुतेक वेळा मे-जूनमध्येच कोठीत शिरलेला असतो. पाऊस फक्त त्याला हवी तशी दमट हवा देतो.

म्हणून ऊन. गच्चीवर चादरीवर पातळ पसरून, मधूनमधून हात फिरवत कडक ऊन द्यायचं. दाणा दाताखाली धरल्यावर टचकन फुटला पाहिजे. चेपला गेला तर अजून ओल आहे. साठवणीच्या धान्यात ओलावा बारा टक्क्यांच्या आसपास किंवा त्याखाली असावा लागतो, आणि घरी ते तपासायला दात पुरतात. आता इथे एक गोष्ट हमखास राहून जाते. संध्याकाळी पाहुणे यायचे असतात, म्हणून तापलेला गहू तसाच कोठीत ओतून झाकण लावतो. तो आत निवतो, त्याची वाफ झाकणाच्या आतल्या बाजूला धरते आणि थेंब परत गव्हावर पडतात. दिवसभराच्या उन्हाची मेहनत एका झाकणाने घालवली. गहू सावलीत पूर्ण थंड होऊ द्या, हाताच्या मागच्या बाजूला गार लागला की मग भरा.

त्यानंतर दिवेल. एरंडेल म्हणा, पण बडोद्यात राहून दिवेलच तोंडात येतं. दहा किलो गव्हाला पन्नास ते शंभर ग्रॅम पुरतं. परातीत थोडा थोडा गहू घ्यायचा, तळहाताला तेल लावायचं आणि दाणे दोन्ही हातांमध्ये चोळायचे. प्रत्येक दाण्याला नुसती चकाकी आली पाहिजे, हाताला चिकटपणा लागला तर तेल जास्त झालं. या तेलाच्या पापुद्र्याने किड्याच्या अंड्याचा श्वास कोंडतो आणि मादीला दाण्यावर नीट पाय रोवता येत नाही. तूरडाळीला, हरभऱ्याला याचा फायदा आणखी दिसतो, कारण कडधान्यातला भुंगा अंडी दाण्याच्या वरच घालतो. गव्हात आधीच आत गेलेल्या अंड्यांसाठी मात्र ऊनच, त्याला तेल पोचत नाही. कडुलिंबाचा पाला टाकायचा असेल तर खडखडीत वाळलेला टाका. हिरवा पाला म्हणजे हाताने नेऊन ठेवलेली ओल.

आणि बाजारात त्या राखाडी गोळ्या मिळतात, गव्हाच्या पोत्यात ठेवायच्या. ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या. त्या घरात आणू नका. कोणी कितीही आग्रहाने दिल्या तरी नाही. हवेतल्या दमटपणानेच त्यांतून फॉस्फिन वायू सुटतो, म्हणजे पावसाळ्यात जास्तच जोरात. त्या विषावर उतारा नाही. शेजारच्या खोलीत झोपलेली माणसं दगावल्याच्या बातम्या आपण वाचतो, त्यामागे पुष्कळदा याच गोळ्या असतात. त्या गोदामासाठी आहेत, प्रशिक्षित माणसांनी वापरायच्या. घरात लहान मूल झोपतं त्या खोलीसाठी नाहीत.

आता भिंती. रावपुरा, दांडिया बाजार, बाजवाडा या भागांत ज्यांची जुनी घरं आहेत त्यांनी इकडे कान द्या. ही घरं विटा, चुना आणि सागवान यांची. चुन्याची भिंत पाणी पिते आणि सोडतेही. तिच्यावर आपण लोणा झाकायला सिमेंटचं प्लास्टर किंवा ऑइल पेंट मारतो. आतलं पाणी अडकतं, वर चढतं आणि जिथे रंग संपतो तिथे फुगून बाहेर येतं. मग आपण रंगाऱ्याला नावं ठेवतो. अशा भिंतीला चुन्याचंच प्लास्टर आणि चुन्याचाच हात हवा. दर दोन-तीन वर्षांनी करावा लागतो, हे खरंय. पण भिंत टिकते.

फ्लॅटमधल्या मंडळींचा प्रश्न वेगळा असतो: ओल भिंतीतून येतेय की खोलीतल्या हवेतून? याचा सोपा तपास आहे. हातभर लांब-रुंद प्लास्टिकचा स्वच्छ तुकडा त्या डागावर ठेवून चारही कडा चिकटपट्टीने घट्ट बंद करायच्या आणि एक दिवस-रात्र तसाच ठेवायचा. थेंब भिंतीकडच्या बाजूला जमले तर पाणी भिंतीतून येतंय. पाइप, गच्ची किंवा बाहेरची तडा बघा. थेंब खोलीकडच्या बाजूला असतील तर हवाच दमट आहे आणि हजारोंचं वॉटरप्रूफिंग करून काही होणार नाही. बहुतेकदा कारण घरात वाळत घातलेले कपडे असतात. बादलीभर पिळलेल्या कपड्यांत लिटर-दोन लिटर पाणी असतं, आणि ते बेडरूममध्ये वाळले म्हणजे सगळं बेडरूमच्या हवेत गेलं. वाळत घालायचेच असतील तर एका खोलीत, दार बंद करून, पंखा चालू, खिडकी उघडी. आणि सगळ्या घराच्या खिडक्या दिवसभर सताड उघड्या ठेवू नका. दुपारी उघडीप असते तेव्हा उघडा, रात्री आणि पाऊस कोसळत असताना लावून घ्या. कपाट भिंतीला टेकलेलं असेल तर चार बोटं पुढे ओढा. तेवढ्याने मागची बुरशी अर्धी कमी होते.

शहरातून वाहणाऱ्या विश्वामित्री नदीबद्दल बोलल्याशिवाय बडोद्यात पावसाळ्यावरचं भाषण पुरं होत नाही. २०१९ च्या ३१ जुलैला चोवीस तासांत जवळपास वीस इंच पाऊस झाला. २०२४ च्या ऑगस्टमध्ये काळा घोडा पुलापाशी नदी पस्तीस फुटांच्या वर गेली, धोक्याची पातळी सव्वीस. पण गंमत अशी की आपल्या डोक्यावर ऊन असतानाही पाणी येऊ शकतं. नदी उगम पावते पावागढला. तिकडे पडलेला पाऊस आणि आजव्याच्या तलावातून निघालेलं पाणी शहरात पोचायला वेळ लागतो. तेव्हा समा, वडसर, सयाजीगंज, कारेलीबागेत तळमजल्यावर राहणाऱ्यांनी आपल्या अंगणातला पाऊस बघण्यापेक्षा आजव्याची पातळी बघावी.

तळमजल्यावर माझा एकच आग्रह: इन्व्हर्टरची बॅटरी, फ्रीजचं स्टॅबिलायझर आणि कागदपत्रं कमरेच्या वर. आणि स्वयंपाकघर नव्याने करत असाल तर खालच्या ट्रॉल्या दाबलेल्या भुश्शाच्या फळ्यांच्या करू नका. एकदा पाण्यात बुडाल्या की त्या फुगून पावासारख्या होतात. खाली कडाप्पा आणि स्टील, दिसायला साधं, पण धुऊन पुसून परत उभं राहणारं.

पाणी घरात यायला लागलं की आधी मेन स्विच. पाणी आत शिरलं असेल तर ते तुडवत स्विचपर्यंत जाऊ नका, बाहेरून वीज मंडळाकडून बंद करून घ्या. बोर्डावर आरसीसीबी, म्हणजे वीज गळाली की पुरवठा आपोआप तोडणारा खटका, बसवलं असेल तर त्यावर एक टेस्टचं बटण असतं. महिन्यातून एकदा ते दाबायचं, खटका पडला पाहिजे. किती जणींनी हे बटण कधी दाबलंय? (काही हात वर.) बघा, बाकीच्यांनी आज घरी गेल्यावर दाबा.

पाणी ओसरताना धुणं लगेच करा, इथे मी धुण्याच्या बाजूने आहे. गाळ ओला असतानाच वरून खाली पाण्याच्या झोताने काढायचा. वाळला की सिमेंट होतो. त्यात गटार आणि उंदरांचं मूत्र मिसळलेलं असतं, त्यामुळे गमबूट आणि हातमोजे, आणि पायाला जखम असेल तर त्या कामाला दुसऱ्या कोणाला लावा. नंतर पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आला, पोटऱ्या दुखायला लागल्या, तर डॉक्टरांना पुराच्या पाण्यात उतरलो होतो हे न विचारता सांगा. लेप्टोस्पायरोसिस लवकर ओळखला तर औषधाने बरा होतो. ब्लीचिंग पावडर टाकाल तेव्हा संडास साफ करायचं ॲसिड त्याच जागी ओतू नका. दोन्ही मिळून क्लोरिन वायू निघतो. जमिनीतली टाकी पूर्ण उपसा, घासा, हजार लिटरला दोनशे ग्रॅम ब्लीचिंग पावडर पाण्यात कालवून टाका, एक दिवस ठेवून पुन्हा उपसा. तोवर पिण्याचं पाणी खळखळून उकळायचं.

मग सुकवणं, आणि ते आठवड्याचं काम नाही, महिन्या-दीड महिन्याचं आहे. ड्रॉवर बाहेर काढून सावलीत उभे करा. उन्हात सागवान सुद्धा वाकतं. कापसाची गादी टाकून द्या, मनाला लागलं तरी. पाणी चढलं त्या रेषेच्या वर हातभर भिंत आतून ओली असते, म्हणून दिवाळी आली तरी प्लास्टिकचा तो तुकडा लावून बघितल्याशिवाय रंग नाही.

फोटो आणि कागदांचं वेगळं. ओले फोटो एकमेकांपासून ओढून काढू नका, स्वच्छ पाण्यात भिजवून अलगद सोडवा आणि चेहऱ्याची बाजू वर करून एकेक वाळवा. कागदांवर दोन दिवसांत बुरशी धरते. सगळे एवढ्यात वाळवणं शक्य नसेल तर प्लास्टिकच्या पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवा. घराचा दस्तऐवज मटारशेजारी ठेवताना कसंतरी वाटेल, पण गोठलेला कागद थांबतो आणि मग सवडीने एकेक पान वाळवता येतं. वीज नसेल तर ज्यांच्याकडे आहे त्यांच्या फ्रीझरमध्ये ठेवा.

पैठणीचं विचारायला दोघी मघापासून उतावीळ आहेत. डांबरगोळ्या जरीला थेट लागू देऊ नका. धुतलेल्या मलमलीत गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत कोंडू नका, आणि श्रावणात एखाद्या कोरड्या दुपारी घडी मोडून उलटी घाला. जरीची तार त्याच त्याच ठिकाणी मोडते, बुरशीपेक्षा जास्त साड्या त्यानेच जातात.

आता चहा आणि तुमचे प्रश्न. विश्वामित्रीत मगरी आहेत, पण पुरानंतर जिन्याखाली मगर दिसली तर काय करायचं, हा प्रश्न मला विचारू नका. दार लावून घ्या आणि वनखात्याला फोन करा.