एकविसावी जागा बंडखोरांची

(पडद्यावर: ‘रोम: टोटल वॉर’चा नकाशा. इटलीवर कॅमेरा सावकाश उतरतो.)

सप्टेंबर 2004. ब्रिटनच्या क्रिएटिव्ह असेंब्लीने ‘रोम: टोटल वॉर’ बाजारात आणला. नकाशावर राज्य चालवायचं, आणि फौजा समोरासमोर आल्या की तीच लढाई शेकडो सैनिकांनिशी स्वतः लढायची. गेम तुफान गाजला.

इतिहासाचे वेडे मात्र नकाशा बघून चरफडले. ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकात इजिप्तवर टॉलेमींची ग्रीक राजवट होती. इथे इजिप्तचे सैनिक हजारभर वर्षं जुन्या फॅरोंच्या थाटात उभे. आणि रोम? ज्युली, ब्रुटी, स्किपी अशी तीन घराणी, वर सेनेट. राज्यांसाठी ठरलेल्या जागांपैकी चार एकट्या रोमने अडवलेल्या.

जागा एकूण होत्या 21.

(पडद्यावर: नोटपॅडमध्ये उघडलेली एक लांबलचक टेक्स्ट फाईल.)

तसा हा गेम मॉडर मंडळींसाठी, म्हणजे फाइली बदलून गेमची स्वतःची आवृत्ती (मॉड) बनवणाऱ्या हौशींसाठी, उघडं घरच होता. कोणाकडे कोणतं शहर, तिजोरीत किती पैसा, राजाचं नाव काय, हे सगळं साध्या टेक्स्ट फाइलींमध्ये. खेळायला बंद ठेवलेलं राज्य एका यादीतून उचलून दुसऱ्या यादीत टाकलं, की ते खेळता यायचं. पण बाविसावं राज्य लिहून बघा. गेम बंद. ती मर्यादा फाइलीत नव्हतीच, ती इंजिनात, म्हणजे गेम चालवणाऱ्या मूळ प्रोग्रॅममध्ये होती, आणि इंजिनाचा कोड कंपनीच्या कुलपात. कमीत कमी 256 एमबी मेमरीच्या कॉम्प्युटरवर चालेल असा हा गेम; अशा याद्यांची लांबी आधीच ठरवून टाकणं ही तेव्हाची नेहमीची पद्धत.

त्यातही एक मेख. एकविसावी जागा बंडखोरांची, ती हलवता येत नाही. ज्यांना स्वतःची जागा मिळाली नाही अशी नकाशावरची सगळी शहरं या एका खात्यात. त्यांना राजा नाही, राजघराणं नाही, तह नाही, मोहीम नाही. कोणी जिंकायला येईपर्यंत तटावर उभं राहायचं. मूळ गेममध्ये खुद्द अथेन्स याच खात्यात आहे!

म्हणजे नवं राज्य आणायचं तर जुनं एक काढायचं. नाव, झेंडा, सैन्य, माणसांच्या नावांची यादी, सगळं बदलायचं. एखादं नाव यादीत लिहायचं राहून गेलं तरी गेम कोसळणार. म्हणून बऱ्याच मॉडमध्ये फाइलीच्या पोटात जुन्याच राज्याचं नाव राहतं, पडद्यावर नवं दिसतं.

‘युरोपा बार्बरोरम’ या मॉडने हा हिशेब फार विचाराने मांडला. सुरुवात ख्रिस्तपूर्व 272. रोम एकच ठेवला, त्यामुळे तीन जागा मोकळ्या झाल्या. मग आजच्या अफगाणिस्तानाकडचं बॅक्ट्रिया आलं, अरबस्तानातलं साबा आलं, मध्य आशियातले शक आले. गॉल (साधारण आजचा फ्रान्स) हा एकच गठ्ठा होता, त्याचे एडुई आणि आर्वर्नी असे दोन झाले. अथेन्स, स्पार्टा आणि ऱ्होड्स यांना मात्र एकाच झेंड्याखाली बसवावं लागलं. वीस पुरे पडले नाहीत, आणि पर्गमॉन गेलं बंडखोरांत. पुढे ज्याने आशिया मायनरच्या (आजच्या तुर्कस्तानच्या) मोठ्या भागावर राज्य केलं, ते पर्गमॉन! मला विचाराल तर मॉडरांची खरी परीक्षा कोडिंगची नव्हतीच. कोणाला राज्य म्हणायचं आणि कोणाला नाही, इथे ती होती.

2005 च्या ‘बार्बेरियन इन्व्हेजन’ या ‘रोम’च्याच विस्तारात तर आणखी गंमत. पश्चिम रोमन साम्राज्यातली जनता चिडली, की तिथे बंडाचं वेगळं राज्य उभं राहतं. ते उभं राहील किंवा राहणारही नाही, त्याची जागा मात्र पहिल्या दिवसापासून अडलेली.

(पडद्यावर: ‘मिडीव्हल 2’चा नकाशा, मग तक्षशिलेचा परिसर.)

2006 मध्ये याच मालिकेतला ‘मिडीव्हल 2: टोटल वॉर’ आला. त्यात मॉडरांना 31 पर्यंत जाता येऊ लागलं, बंडखोर धरून. युरोपा बार्बरोरमची मंडळी तिकडे वळली आणि 2014 मध्ये त्यांनी दुसरी आवृत्ती काढली. पर्गमॉनला अखेर स्वतःचं राज्य मिळालं. नकाशाच्या पूर्व टोकाला तक्षशिलाही आली. (मराठ्यांना असं रांगेत उभं राहावं लागलं नाही, 2009 च्या ‘एम्पायर’मध्ये कंपनीनेच त्यांना खेळायला दिलं.)

पण प्रांतांची मर्यादा दोनशेच्याच आसपास राहिली. खाणारी तोंडं वाढली, जमीन तेवढीच. बऱ्याच राज्यांच्या वाट्याला सुरुवातीला एकदोनच शहरं.

2021 मध्ये फेरल इंटरॅक्टिव्हने ‘रोम’ नव्याने बांधून दिला, आणि मॉडरांसाठीच्या जुन्या मर्यादा बऱ्याच वर नेल्या. आता बाविसावं राज्य लिहिलं तरी गेम उघडतो. फक्त आपली पाळी संपवल्यावर कॉम्प्युटरला प्रत्येक राज्याची चाल खेळावी लागते, आणि ती सगळी होईपर्यंत माणूस पडद्याकडे बघत बसतो.