डोंगरावरचं घर आणि माणशी एक बादली

नमस्कार मंडळी. मागच्यांनी जरा पुढे या, पंख्याच्या आवाजात मी ऐकू येणार नाही, आणि पोहे-जिलबी शेवटी आहे, ती काही पळून जात नाही. कार्डावर विषय छापलाय ‘शिमल्याचं राष्ट्रपती निवास’, म्हणजे पूर्वीचं व्हाइसरीगल लॉज. इतिहास सांगणारच आहे, पण आधी माझी बादली ऐकून घ्या.

आम्ही दोघं मे महिन्यात गेलो होतो, कालक्याहून ती 1903 पासूनची छोटी गाडी, मजेत गेलो, आणि हॉटेलात पोचलो तर मॅनेजर म्हणतो अंघोळीला माणशी एक बादली. एक! ही म्हणाली, आपल्या इंदूरला नळ एक दिवसाआड येतो पण बादली मोजून कोणी देत नाही हो. मी भांडलो, आपल्या भियावाल्या हिंदीत, त्याला अर्धी कळलीच नाही. शेवटी त्याने खिडकी उघडली आणि खाली दरीकडे बोट दाखवलं, म्हणाला, साहेब, गाव डोंगराच्या धारेवर आहे, माणसं वर आणि पाणी खाली. झालं, भांडण तिथे संपलं आणि हे व्याख्यान सुरू झालं.

कारण ते लॉज ज्या ऑब्झर्व्हेटरी हिलवर आहे ना, तिच्या एका उताराचं पाणी सतलजमार्गे अरबी समुद्रात जातं आणि दुसऱ्याचं यमुनेमार्गे बंगालच्या उपसागरात. आता तुम्ही म्हणाल त्यात काय विशेष, हे तर आपल्या महूजवळही होतं. बरोबर! जानापावला चंबळ निघते ती यमुनेला, आणि जवळचीच चोरल जाते नर्मदेला. आपण तर त्याहून पुढे गेलो, नर्मदाकाठच्या जलूदहून सत्तर किलोमीटर नर्मदा पंपाने वर चढवून आणतो, अंघोळी करतो, आणि ते पाणी सोडतो खान नदीत, तिथून क्षिप्रा, तिथून चंबळ. बिचारी निघाली होती भरूचला, आपण तिला कलकत्त्याच्या वाटेला लावलं. हसा, पण इंदूरकराला लॉज जेवढं कळेल तेवढं मुंबईकराला कळणार नाही.

तर 1864 ला व्हाइसरॉय जॉन लॉरेन्सने शिमल्याला उन्हाळी राजधानी केलं. व्हाइसरॉय राहायचे पीटरहॉफमध्ये, आणि ते घर प्रत्येकाला लहान पडायचं. मग वास्तुविशारद हेन्री आयर्विनने हे दगडी लॉज बांधलं, 1888 ला लॉर्ड डफरिन राहायला आले, पहिल्या दिवसापासून विजेचे दिवे. पण मला दिव्यांपेक्षा आवडलं ते मेण. आत सगळीकडे सागवानाचं पॅनलिंग, म्हणून आग विझवायला पाण्याच्या नळ्या फिरवल्यात आणि त्यांची तोंडं मेणाने बंद. आग लागली की मेण वितळतं, पाणी सुटतं. गाईड हे सांगत होता तेव्हा मला आपला राजवाडाच दिसत होता. खालचे तीन मजले दगडी, वरचे चार लाकडी, 1984 च्या दंगलीत ते लाकूड कसं जळालं ते इथल्या निम्म्या लोकांनी डोळ्यांनी पाहिलंय. आणि ते पीटरहॉफ, जिथे 1949 ला गांधी खून खटल्याचं अपील चाललं, तेही 1981 ला जळालं. मेण नव्हतं ना.

चिठ्ठी आलीय, पाच मिनिटं. अहो, खरा विषय तर आता चालू होत होता! ठीक आहे, पटापट घेतो. 1945 ची शिमला परिषद, व्हाइसरॉय वेव्हेलने आपल्या नेत्यांना बोलावून घेतलेली, याच घरात. मे 1947 ला नेहरू इथेच माउंटबॅटनकडे पाहुणे होते, फाळणीचा पहिला मसुदा त्यांनी इथेच वाचला आणि भडकले. गाईड एक टेबलही दाखवतो फाळणीचं, माझा विश्वास नाही. स्वातंत्र्यानंतर लॉजचं राष्ट्रपती निवास झालं, पण वर्षाचे चार दिवस राहायला एवढा महाल कशाला, म्हणून राधाकृष्णन यांनी तो अभ्यासकांना देऊन टाकला, 1965 ला तिथे उच्च अध्ययन संस्था सुरू झाली. मग राष्ट्रपती शिमल्याला गेले की राहतात कुठे? मशोबऱ्याला, रिट्रीटमध्ये. 1850 चं घर, व्हाइसरॉयकडे आलं 1895 ला, लाकडी चौकटीत दगडमाती भरलेलं, धज्जी म्हणतात त्या बांधणीला, आपली गोधडीच समजा. दगडी महाल सुटला, गोधडी राहिली. 2023 पासून तेही लोकांना बघायला उघडलंय.

हो हो, बसतोच आहे. फक्त एक, लॉज सोमवारी बंद असतं. आम्ही पहिल्यांदा तो चढ चढून गेलो ते सोमवारीच.