पीटर गॅरेट : आधी माइक हातात, मग मंत्रीपद

नमस्कार. ऐंशी-नव्वदच्या काळात ज्यांनी इंग्लिश रॉकच्या कॅसेटी घासघासून ऐकल्या त्यांना मिडनाइट ऑइल हा ऑस्ट्रेलियन बँड आठवत असेल, आणि बँड नाही आठवला तरी तो टक्कल केलेला सहा फूट चार इंच उंच गायक नक्की आठवेल, जो स्टेजवर अंगात आल्यासारखा हातपाय झटकत नाचायचा. तो पीटर गॅरेट. आज त्याच्याबद्दल बोलायचंय, आणि खास करून एका प्रश्नाबद्दल, जो त्याला गेली वीस वर्षं लोक विचारतायत : सरकारच्या विरोधात गाणाऱ्या माणसाने सरकारात जावं का?

एक गोष्ट आधीच क्लिअर करतो. मिडनाइट ऑइलची गाणी ही टीमची गाणी आहेत. ड्रमर रॉब हर्स्ट आणि गिटार-कीबोर्डवाला जिम मॉगिनी यांचा लिखाणातला वाटा प्रचंड आहे, गॅरेट हा त्या तिघांमधला एक. पण ते शब्द लोकांसमोर उभं राहून म्हणायचे, त्यांची जबाबदारी घ्यायची, हे काम त्याचं होतं आणि पुढे त्याची किंमतही त्यानेच मोजली.

जन्म १९५३, सिडनी. कॅनबेराला आर्ट्स, मग सिडनीत परत येऊन लॉ, म्हणजे माणूस वकील. वडील लवकर गेले, आणि विशीत असताना राहत्या घराला आग लागून आई गेली, तो स्वतः त्या रात्री घरात होता आणि तिला वाचवू शकला नाही. यावर मी जास्त बोलणार नाही.

बँड तयार झाला सिडनीच्या पबमध्ये. समुद्रकिनाऱ्याजवळचे पब, घामट गर्दी, बिअर, सर्फिंग करून आलेली पोरं, आणि समोर हे लोक कानठळ्या बसवणारं वाजवतायत. पहिला अल्बम १९७८ चा, तोही स्वतःच्या लेबलवर. त्या काळात ऑस्ट्रेलियात काउंटडाउन नावाचा टीव्ही शो होता, त्यात दिसलात की स्टार झालात असा हिशोब, आणि हे लोक त्यात कधी गेलेच नाहीत. अटी आपल्या असतील तर वाजवू, नाहीतर पब आहेतच. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते, कारण पुढे ज्या माणसाला "विकला गेला" म्हणून शिव्या पडल्या त्याने सुरुवातीची सगळी वर्षं स्वतःला विकायला ठाम नकार देण्यात घालवली होती.

१९८४ मध्ये तो पहिल्यांदा निवडणुकीला उभा राहिला. न्यूक्लिअर डिसआर्मामेंट पार्टी, नुकताच जन्मलेला पक्ष, मागणी साधी : युरेनियमच्या खाणी बंद करा, अण्वस्त्रवाली जहाजं आमच्या बंदरात नकोत, अमेरिकेचे लष्करी तळ नकोत. न्यू साउथ वेल्समधून सिनेटसाठी उभा होता, पहिल्या पसंतीची साडेनऊ टक्क्यांच्या आसपास मतं पडली, नव्या पक्षासाठी ही कमालच. पण तिथे मतं पसंतीक्रमाने एकाकडून दुसऱ्याकडे जातात आणि मोठ्या पक्षांचे पसंतीक्रम त्याच्याकडे वळले नाहीत, त्यामुळे अगदी थोडक्यात गेली सीट. वेस्टर्न ऑस्ट्रेलियातून मात्र त्याच पक्षाच्या जो व्हॅलेंटाइन निवडून आल्या.

आता १९८६. माझ्या मते या माणसाच्या आयुष्यात याहून मोठं वर्ष नाही. त्याच्या आदल्या वर्षी, ऑक्टोबर १९८५ मध्ये, उलुरु हा तो प्रसिद्ध लाल खडक आणि आजूबाजूची जमीन कायदेशीरपणे तिथल्या मूळ मालकांना, अनांगु लोकांना परत दिली गेली, आणि त्या निमित्ताने बँडकडे गाणं मागितलं होतं. गाणं केलं. पण मग यांना वाटलं की आपण शहरातली गोरी माणसं, ज्यांच्याबद्दल गातोय त्यांच्या दारात तरी जाऊन यावं. म्हणून वारुम्पी बँडबरोबर टूर काढली. वारुम्पी म्हणजे पापुन्या या वस्तीतला बँड, मूळनिवासी भाषेत रॉकची रेकॉर्ड काढणारे पहिले लोक. वाळवंटातल्या आणि उत्तरेकडच्या दूरदूरच्या वस्त्यांमध्ये, कच्च्या रस्त्यांनी, जिथे मिडनाइट ऑइल हे नाव कुणी ऐकलेलं नाही, तिथे हे वाजवायला गेले. तिथे हिरो वारुम्पीवाले होते. हे पाहुणे.

तिथे यांनी काय पाहिलं? पिंटुपी लोकांची गोष्ट सांगतो. पश्चिमेकडच्या वाळवंटात राहणारी ही माणसं, त्यांना १९५० आणि ६० च्या दशकात सरकारने त्यांच्या मुलखातून उचलून पापुन्यासारख्या वस्त्यांमध्ये आणून ठेवलं. परकी जमीन, आजारपण, मरणं. आणि १९८१ च्या सुमाराला यातल्या अनेकांनी ठरवलं की बास, आम्ही घरी जातो, आणि ते किन्टोरला, स्वतःच्या भूमीवर, परत गेले. कुणाच्या परवानगीची वाट बघत बसले नाहीत. "बेड्स आर बर्निंग" या मिडनाइट ऑइलच्या गाण्यात किन्टोरचं नाव येतं ते यामुळे. ही जमीन त्यांची आहे, ती परत द्यायला हवी, भाडं थकलंय, एवढं सरळ म्हणणं. १९८७ चा डीझल अँड डस्ट हा अल्बम याच प्रवासातून आला आणि ते गाणं कॅनडात एक नंबरला, अमेरिकेत टॉप ट्वेंटीत गेलं. एका वाळवंटातल्या विस्थापितांचा जमिनीचा दावा जगभरच्या डिस्कोत वाजत होता! माझं प्रामाणिक मत आहे की चळवळीतलं गाणं एवढं लांब जातं तेव्हा त्यामागे आधी ऐकून घेतलेलं असतं, आणि यांनी ते ऐकून घेतलं होतं.

पुढची वर्षं भराभर सांगतो. १९८९ मध्ये तो ऑस्ट्रेलियन कॉन्झर्वेशन फाउंडेशनचा अध्यक्ष झाला, दोन टर्ममध्ये मिळून जवळजवळ दहा वर्षं त्याने ते पद सांभाळलं, मधे ग्रीनपीसच्या आंतरराष्ट्रीय बोर्डावरही होता. १९९० च्या अल्बमचं मुख्य गाणं विटेनूमच्या निळ्या अॅस्बेस्टॉसच्या खाणीवर, जिथे काम केलेली शेकडो माणसं आणि त्यांच्या घरचे लोकही पुढे छातीच्या रोगांनी गेले. त्याच वर्षी मे महिन्यात न्यूयॉर्कला, एक्झॉन कंपनीच्या ऑफिससमोर, भर दुपारी लंचटाइमला ट्रकवर स्टेज लावून वाजवलं, कारण आदल्या वर्षी एक्झॉन वाल्डीझ जहाजातून अलास्काच्या समुद्रात तेल सांडलं होतं. खाली रस्त्यावर ऑफिसची माणसं उभी राहून ऐकतायत, वर कंपनीच्या काचा.

आणि मग २००० चं सिडनी ऑलिम्पिक, समारोपाचा कार्यक्रम. ऑस्ट्रेलियात कित्येक दशकं मूळनिवासी मुलांना आईबापांपासून तोडून नेलं गेलं, त्या पिढ्यांची देशाने माफी मागावी ही मागणी होती, आणि पंतप्रधान जॉन हॉवर्ड यांनी नकार दिला होता. हॉवर्ड स्टेडियममध्ये बसलेले. मिडनाइट ऑइल स्टेजवर आले तेव्हा त्यांच्या काळ्या कपड्यांवर पुढेमागे, बाहीवर, पायावर पांढऱ्या अक्षरात एकच शब्द : सॉरी. भाषण नाही, घोषणा नाही, फक्त गाणं आणि ते कपडे, जगभरच्या टीव्हीवर. जे पंतप्रधान म्हणायला तयार नव्हते ते बँडने अंगावर घालून दाखवलं.

इथेच थांबला असता तर आज त्याचे पुतळे झाले असते. तो थांबला नाही. २००२ च्या शेवटी बँड सोडला आणि २००४ मध्ये लेबर पक्षाकडून सिडनीच्या किंग्जफर्ड स्मिथ मतदारसंघातून खासदार झाला. लेबर म्हणजे मोठा पक्ष, आणि अमेरिकेबरोबरची मैत्री, तिचे तळ, हे सगळं त्या पक्षाला मान्य. ज्याच्याविरुद्ध वीस वर्षं गायला तेच आता पक्षशिस्त म्हणून मान्य करायचं. जुने चाहते चिडले, आणि त्यांचं चिडणं मला समजतं.

२००७ ला पर्यावरण मंत्री झाला. २००९ मध्ये साउथ ऑस्ट्रेलियातल्या फोर माइल युरेनियम खाणीला मंजुरी दिली. हो, त्याच माणसाने. हे मला आजही पटलेलं नाही, पक्षाची लाइन होती वगैरे सगळं धरूनही. पण त्याच वर्षी क्वीन्सलँडमधलं ट्रॅव्हेस्टन धरण त्याने नाकारलं, मेरी नदी वाचली, तिच्यातला फुफ्फुसमासा वाचला, खोऱ्यातली शेतजमीन पाण्याखाली गेली नाही. तेही एकट्या सहीने, तिथल्या लेबरच्याच राज्य सरकारला नाराज करून. २०१० मध्ये ऑस्ट्रेलियाने जपानच्या व्हेल शिकारीविरुद्ध आंतरराष्ट्रीय न्यायालयात केस टाकली, मंत्री हाच, आणि २०१४ मध्ये निकाल ऑस्ट्रेलियाच्या बाजूने लागला. आणि फेब्रुवारी २००८ मध्ये पंतप्रधान केविन रड यांनी संसदेत ती माफी मागितली तेव्हा गॅरेट सरकारी बाकांवर बसलेला होता. सॉरीचे कपडे घालणारा माणूस ती म्हणणाऱ्या सरकारात! मला सांगा, हे बाहेर राहून झालं असतं?

सगळ्यात वाईट प्रकरण घरांच्या इन्सुलेशनचं. आर्थिक मंदीत रोजगार हवा म्हणून घाईघाईने छतांमध्ये इन्सुलेशन बसवायची योजना काढली, आणि चार तरुण कामगार मेले, तिघं विजेचा शॉक लागून, एक उष्णतेने. गॅरेटने पंतप्रधानांना पत्रं लिहून काळजी कळवली होती हे नंतर बाहेर आलं, पण खातं त्याचं होतं, पोरं गेली ती गेली. जबाबदारी काढून घेतली गेली, खुर्ची छोटी झाली. पुढे शालेय शिक्षण मंत्री म्हणून शाळांना गरजेप्रमाणे पैसा देण्याच्या कायद्यावर काम केलं आणि २०१३ मध्ये रड परत पंतप्रधान झाले तेव्हा राजीनामा देऊन बाहेर पडला.

तर जावं का सरकारात? माझं उत्तर हो आहे, आणि युरेनियम खाण लक्षात ठेवून हो आहे. लोक म्हणतात त्याची विश्वासार्हता गेली. थोडी गेलीच. पण एखादी नदी वाचवायची तर फाइलवर सही करणारा कुणीतरी लागतो, आणि ती सही करणाऱ्याने कधीतरी किन्टोरच्या धुळीत बसून लोकांचं ऐकलेलं असेल तर फरक पडतो. चूक झाली असेल तर ती पक्षाचा प्रत्येक निर्णय गप्प राहून गिळण्यात झाली. आवाज हीच ज्याची ताकद त्याने पक्षाच्या आत तरी तो जास्त चढवायला हवा होता, असं मला राहून राहून वाटतं.

नंतर बँड परत जमला. २०१७ ची जगभरची टूर, २०२० मध्ये मूळनिवासी कलाकारांना सोबत घेऊन केलेला मकराटा प्रोजेक्ट हा अल्बम, आणि २०२२ मध्ये शेवटची टूर. २०२३ च्या सार्वमतात मूळनिवासींना संसदेपुढे सल्ला देण्याचा घटनात्मक हक्क द्यावा की नाही हा प्रश्न होता, गॅरेट हो म्हणणाऱ्यांच्या बाजूने, आणि देशाने साठेक टक्क्यांनी नाही म्हटलं. पुढच्याच वर्षी सत्तरी ओलांडलेल्या गॅरेटचा नवा सोलो अल्बम आला.

मी बोलायचं थांबतो. आता आधी एक्झॉनसमोरच्या त्या ट्रकवरचं रेकॉर्डिंग बघू, मग मकराटामधली दोन गाणी, आणि त्यानंतर तुमचे प्रश्न. जे माझ्याशी असहमत आहेत त्यांनी आधी हात वर करा.