डॉ. फीलगुड : रोज रात्री उभा राहणारा बँड

थेम्स नदी लंडन सोडून समुद्राला मिळते, तिथं एसेक्सच्या काठाला कॅनव्हे नावाचं सखल बेट आहे. भोवती बांध, काठाला तेलाच्या टाक्या. १९५३च्या पुरात इथली पन्नासहून जास्त माणसं गेली. १९७१मध्ये याच बेटावर 'डॉ. फीलगुड' उभा राहिला. गायला आणि हार्मोनिका वाजवायला ली ब्रिलो, गिटारवर विल्को जॉन्सन, बेसवर जॉन स्पार्क्स आणि ड्रमवर 'बिग फिगर' जॉन मार्टिन.

विल्को इंग्रजीचा पदवीधर. खुष्कीच्या मार्गानं तो आपल्या गोव्यापर्यंत येऊन गेला होता. परत गेल्यावर काही काळ त्यानं शाळेत शिकवलंही.

त्या काळात मोठे रॉक बँड मोठ्या मैदानांत वाजवायचे, एकेक गाणं पाव-पाव तास चालायचं. लंडनच्या पबमध्ये मात्र छोट्याशा स्टेजवर, बिअरच्या ग्लासांच्या गर्दीत, तीन मिनिटांची गाणी वाजू लागली. हेच पब रॉक. १९७३च्या सुमारास कॅनव्हेची ही मंडळी तिथं पोचली.

विल्कोकडे बघा. काळी टेलिकास्टर, म्हणजे फेंडर कंपनीची इलेक्ट्रिक गिटार, तिच्यावर लाल पट्टी. हातात प्लेक्ट्रम, म्हणजे तारा छेडायची चपटी पट्टी, नाही. उघड्या बोटांनी तारांवर असे फटके मारायचा की ताल आणि सूर दोन्ही एकाच हातातून निघायचे. डोळे वटारून स्टेजवर सरळ रेषेत पुढं-मागं धावायचा, मध्येच गिटार बंदुकीसारखी लोकांवर रोखायचा. शेजारी ली, अंगात मळून गेलेला पांढरा सूट, आवाज खरखरीत. समोर उभं राहणाऱ्याला नजर हलवायची सोय नव्हती.

पहिला अल्बम जानेवारी १९७५मध्ये आला, तोही मोनोमध्ये, म्हणजे सगळा आवाज एकाच वाहिनीतून. पण यांची खरी ताकद स्टेजवरच होती, आणि ते सिद्धही झालं. १९७६मध्ये शेफील्ड आणि साउथएंडच्या कार्यक्रमांतून तयार झालेला लाइव्ह अल्बम 'स्टुपिडिटी' ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला. पुढं पंक या बंडखोर रॉकमध्ये गाजलेल्या जो स्ट्रमरनं विल्कोला पाहूनच टेलिकास्टर घेतली. त्याच वर्षी स्टिफ रेकॉर्ड्स ही कंपनी निघाली, ती लीनं उसने दिलेल्या ४०० पौंडांवर.

१९७७मध्ये भांडण विकोपाला गेलं. विल्को म्हणायचा, मला काढलं; बाकीचे म्हणायचे, तो गेला.

बँडची गोष्ट बहुतेक जण इथंच संपवतात, आणि तो लीवर अन्याय आहे. नवा गिटारवादक जिपी मेयो आला, १९७९मध्ये 'मिल्क अँड अल्कोहोल' पहिल्या दहांत पोचलं. मग १९८२मध्ये स्पार्क्स आणि बिग फिगरही बाहेर पडले. मूळच्या चौघांत उरला एकटा ली. पुन्हा तसं हिट गाणं झालं नाही, तरी त्यानं दौरे सोडले नाहीत. गाडीत सामान भरायचं, पुढच्या गावी उतरायचं, लोक किती जमलेत ते न बघता जीव ओतून गायचं. वर्षानुवर्षं हेच. पहिल्या क्रमांकापेक्षा मला ही वर्षं मोठी वाटतात.

कर्करोगानं खंगलेला ली जानेवारी १९९४मध्ये कॅनव्हेवरच्याच फीलगुड म्युझिक बारमध्ये शेवटचा गायला. ७ एप्रिलला तो गेला, अवघ्या ४१व्या वर्षी. बँड चालू राहावा ही त्याचीच इच्छा होती. मूळच्या चौघांपैकी एकही नसलेला 'डॉ. फीलगुड' त्यानंतरही दौरे करत राहिला.