पत्ता नको, माणूस मागा

मंडळी, मला सगळ्यात जास्त वेळा विचारलं जातं ते हे, की सर, दारू सोडणाऱ्यांची मीटिंग कुठे असते? आणि खरं सांगू का, याचं उत्तर सोपं आहे. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, म्हणजे आपण ज्याला एए म्हणतो, त्यांच्या वेबसाइटवर वार, वेळ, जागा मिळते, हेल्पलाइन असते, ऑनलाइन मीटिंगा पण असतात, मोबाइलवर शोधायला पाच मिनिटं लागत नाहीत. पण पत्ता मिळालेली आणि तरी न गेलेली माणसं मी इतकी बघितलीत ना, की आता मी पत्ता द्यायच्या आधी सांगतो, त्या नंबरवर फोन करा आणि पहिल्या दिवशी दारात भेटेल असा कोणीतरी माणूस मागा.

हे मी माझ्या मनाचं सांगत नाहीये, एएची सुरुवातच अशी झाली. 1935 चा मे महिना, अमेरिकेतलं अ‍ॅक्रन गाव. बिल विल्सन नावाचा माणूस धंद्याच्या कामाला तिथे गेला होता, काम फिसकटलं, दारू सोडून काही महिनेच झालेले, हॉटेलच्या लॉबीत एकटा, आणि बारमधून हसण्याखिदळण्याचा आवाज येतोय. त्याने काय केलं, तर तिथे लावलेली चर्चची यादी बघून फोन फिरवायला सुरुवात केली, आणि मागणी काय, तर मला एखादा दारुडा गाठून द्या, मला त्याच्याशी बोलायचंय! समोरच्याला काय वाटलं असेल विचार करा. फोनावरून फोन करत शेवटी डॉक्टर बॉब स्मिथ म्हणून एक सर्जन होते, ते भेटले. ते म्हणाले होते पंधरा मिनिटं बसेन, आणि बसले कित्येक तास. कारण समोरचा उपदेश करत नव्हता, स्वतःचं सांगत होता. त्या डॉक्टरांनी शेवटचा घोट घेतला तो दिवस, 10 जून 1935, एएची स्थापना म्हणून धरतात.

तर फोन केल्यावर विचारायचं काय? मीटिंग अजून त्याच जागी भरते का, हे आधी विचारा, कारण याद्या जुन्या होतात आणि बंद दाराला धडकलेला माणूस दुसऱ्यांदा येत नाही. मग विचारा ओपन आहे का क्लोज्ड. ओपनला कोणीही बसू शकतं, बायको, भाऊ, मित्र, क्लोज्ड फक्त ज्याला स्वतःची दारू सोडायचीय त्याच्यासाठी. बाकी अट एकच, दारू सोडायची इच्छा. फी नाही, आडनाव सांगायची गरज नाही, खर्चासाठी वर्गणी फिरते पण नवीन माणसाने नाही टाकली तरी कोणी काही म्हणत नाही. आणि बोलायलाच लागतं असंही नाही, "आज फक्त ऐकतो" म्हटलं की झालं. फक्त मीटिंग संपल्या संपल्या पळू नका, खुर्च्या उचलताना, चहा पिताना जे बोलणं होतं ना त्यातच फोन नंबर मिळतात, आणि रात्री अकराला तलफ आली की तोच नंबर कामाला येतो.

आता एक मीटिंग बघून "आपल्याला नाही जमत हे" म्हणणारे पुष्कळ. अहो, एक डॉक्टर पटला नाही तर दुसरा बघतोच की आपण! प्रत्येक ग्रुपचा सूर वेगळा असतो, कुठे एकच काका अर्धा तास बोलतात, कुठे सगळे हसत असतात, पाच-सहा ठिकाणी तरी बसून बघा. बायकांना पुरुषांनी भरलेल्या खोलीत बोलायला अवघड जातं, ते बरोबरच आहे, बऱ्याच ठिकाणी फक्त स्त्रियांच्या मीटिंगा असतात. एएमध्ये देवाचं नाव येतं, ते आलं की ज्यांना कसंतरी होतं त्यांच्यासाठी स्मार्ट रिकव्हरी नावाची वेगळी संस्था आहे, 1994 पासून चालू आहे, विचार आणि सवयी बदलायच्या पद्धतीवर चालते. घरच्यांसाठी अल-अनॉन आहे 1951 पासून, आणि पिणारा यायला तयार नसला तरी घरच्यांनी जायला काहीच हरकत नाही.

याने खरंच फरक पडतो का? 2020 मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या संस्थेने 27 अभ्यास, दहा हजारांवर माणसं, असा आढावा घेतला, आणि पूर्णपणे दारू बंद राहण्याच्या बाबतीत एए आणि एएकडे नेणारे ठरावीक पद्धतीचे उपचार हे इतर उपचारांच्या बरोबरीने किंवा सरस निघाले. आता यावरून तुमच्या जवळचा ग्रुप तुम्हाला पटेलच असं नाही हं, ते बसूनच कळतं.

एक मात्र कडक शब्दांत सांगतो. जो रोज भरपूर पितो त्याने मीटिंगच्या जोशात एकदम स्वतःच्या मनाने बंद करू नये, पहिल्या दोन-चार दिवसांत फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जीवावर बेतू शकतं. आधी डॉक्टर, मग मीटिंग, किंवा दोन्ही एकदम, पण डॉक्टर पाहिजेच.

मघाशी मागून कोणीतरी विचारलं, प्यायलेलो असेन तर येऊ का? या. बहुतेक ग्रुपमधे एवढंच सांगतात की आज घेतली असेल तर आज बोलू नका, मागे बसून ऐका, आणि संपल्यावर कोणाचा तरी नंबर घेऊन जा.